नळाचा दिवस आणि लेकीचे लंगोट

लेक १६ ऑक्टोबर २०२३ ला झाली, नवरात्राच्या दुसऱ्या माळेला. पहिलं बाळंतपण, त्यामुळे माहेरी, मंगळवेढ्याला. दवाखान्याने दिलेल्या सामानाच्या यादीत ‘डायपर – १ पाकीट’ होतं, ते आणलं आणि तीन दिवसांत संपलं. घरी आल्यावर आजीने ट्रंकेतून तिची जुनी सुती लुगडी काढली, टरकावून त्यांचे चौकोनी तुकडे केले, आणि लेकीला त्रिकोणी लंगोट बांधले जाऊ लागले. तीन महिने दुसरं काही लागलंच नाही. मला वाटलं, हेच सोलापुरातही चालू ठेवायचं, त्यात काय अवघड?

अवघड काय होतं ते सोलापुरात आल्यावर कळलं. मंगळवेढ्याच्या घरी आड आहे. बाळाचं धुणं धुवायला रोज सकाळी एक मावशी यायच्या, महिना १५०० रुपये. पाणी आडाचं, कष्ट मावशींचे. माझ्या हाताला लंगोट यायचा तो धुतलेला, वाळलेला, घडी घातलेलाच.

सिद्धेश्वराच्या यात्रेची, म्हणजे गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर, २१ जानेवारी २०२४ ला आम्ही जुळे सोलापूर भागातल्या घरी आलो. आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो. खाली दोन हजार लिटरचा हौद, वर हजार लिटरची टाकी, आणि सोसायटीचं बोअर, ज्याच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. माणसं पाच. पहिल्याच दिवशी मी बारा लंगोट धुतले आणि संध्याकाळी सासूबाई टाकीत डोकावून हळूच म्हणाल्या, “अगं, नळाला अजून तीन दिवस आहेत.” त्या रागावल्या नव्हत्या. पण त्या रात्री नवरा डायपरचं मोठं पाकीट घेऊन आला.

पुढचे नऊ दिवस डायपर वापरले. वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून आकडा सांगते : ६३. घंटागाडीत टाकायला कागदात गुंडाळून ठेवलेल्या त्या पुड्या बाल्कनीत साठत होत्या आणि त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटायचं. डायपरच्या आत लाकडाचा लगदा असतो, पाणी शोषून जेलीसारखी फुगणारी सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची भुकटी असते, आणि बाहेर प्लॅस्टिकचे थर. यातलं सहजासहजी कुजणारं फारच थोडं. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेलं डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याकडे द्यायचं होतं. आम्ही तसंच देत होतो. पण नियम पाळला म्हणून ते कुठे नाहीसं होणार नव्हतं, ते तुळजापूर रोडच्या डेपोकडेच जाणार होतं. माझी लेक तीन महिन्यांची होती आणि तिच्यामागे राहणारा कचरा तिच्या नातवंडांनाही पुरला असता.

तरी केवळ वाईट वाटतं म्हणून कापडाकडे परत जायचं नाही, असं मी ठरवलं. आधी वाचलं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २००८ मध्ये दोन्ही प्रकारांचा जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतचा हिशेब मांडला होता. फेकायच्या डायपरचा कार्बन साधारण ५५० किलो आणि कापडी लंगोटांचा ५७० किलो. म्हणजे कापडी वापरले की आपोआप निसर्गाचं भलं झालं, असं नाही. पण पुढची गोष्ट महत्त्वाची होती. मशीन पूर्ण भरून धुतलं, ड्रायरऐवजी बाहेर दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा भार सुमारे ४० टक्क्यांनी, म्हणजे जवळपास २०० किलोंनी कमी होतो. सगळं धुण्या-वाळवण्यावर आहे. मी खिडकीतून बाहेर बघितलं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा आणि सकाळी दहालाच डोळे दिपवणारं ऊन. ऊन आपल्याकडे फुकट आणि भरपूर. पाणी तेवढं मोजून वापरायचं. हे कागदावर लिहिलं आणि तिथून गणित सुटायला लागलं.

लुगड्याचे लंगोट मऊ असतात, पण पातळ. एकदा शू झाली की लंगोट, दुपटं, खालची वाकळ, सगळं ओलं, आणि खरं पाणी त्या दुपट्या-वाकळांनाच लागतं. एका शूमागे एकच कापड ओलं झालं पाहिजे. त्यासाठी जाड, पाणी ओढणारं सुती कापड हवं. ते ऑनलाइन शोधत बसले होते आणि शेजारच्या काकूंनी मला भानावर आणलं. त्यांचं घर तेलुगू बोलणारं, हयात टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर गेलेली. “काय करालीस गं? सोलापुरात राहून मुंबईचं कापड मागवालीस?” म्हणाल्या.

सोलापुरी चादरीसारखंच सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, हे मला माहीत होतं. पण त्याचा लंगोट होईल हे डोक्यात आलं नव्हतं. शनिवारी, ३ फेब्रुवारीला काकूंबरोबर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले. सेकंडचा माल, म्हणजे कुठे धागा सुटलेला, कुठे किनार वाकडी, किलोवर मिळतो. २८० रुपये किलोने सहा किलो घेतला, १६८० रुपये. न रंगवलेला, साधा पांढरा मागा. जाडी चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपासची बघा, त्याहून जाड घेतलात तर आतपर्यंत धुतला जात नाही. घरी आणून ४० बाय ८० सेंटिमीटरचे तुकडे कापले, खराब भाग वगळून ४४ निघाले. कडा दुमडून शिवायला टेलरने नगाला १० रुपये घेतले, ४४० रुपये, आणि चार दिवस लावले. वरून घालायची पाणी न झिरपणारी चड्डी ऑनलाइनच मागवावी लागली, ३५० ची एक, अशा सहा. झाकणाच्या दोन बादल्या ४४० रुपयांना. शिवाय बाहेर जाताना लागतील म्हणून बटणांचे दोन तयार कापडी डायपर, १४०० रुपये. एकूण ६०६०. ते दोन तयार डायपर घेतले नसते तरी चाललं असतं, फारसे वापरलेच गेले नाहीत.

पहिला लंगोट बांधला आणि शू कापडावरून तशीच ओघळली. मी रडकुंडीला आले. काकूंनी हसून सांगितलं, “नवा टॉवेल पाणी पीत नाही. चार धुणं होऊ दे की.” नव्या कापडावर कारखान्यातली खळ आणि फिनिशिंग असतं, ते गेल्याशिवाय कापड पाणी ओढत नाही. तीनदा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुतल्यावर, १० फेब्रुवारीपासून लंगोट खऱ्या अर्थाने सुरू झाले.

आता पाण्याचं. पहिली सवय मोडली ती भिजवण्याची. बादलीभर पाण्यात लंगोट बुडवून ठेवले की पाणीही जातं आणि वासही सुटतो. आम्ही कोरडी बादली ठेवली. शूचा लंगोट तसाच बादलीत, शीचा असेल तर आधी शी संडासात झाडून. आरओचं वाया जाणारं पाणी आणि लेकीच्या अंघोळीचं पाणी वेगळ्या टबात धरायला लागलो. धुणं रोज करायचं नाही, एक दिवसाआड, म्हणजे अठरा-वीस लंगोट एकत्र. पहिलं खंगाळणं टबातल्या पाण्याने. मग सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये एक धुणं, दोन खंगाळण्या. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पाणी आपण ओततो म्हणून ते मोजता येतं, आणि शेवटच्या खंगाळणीचं पाणी संडासासाठी काढून ठेवता येतं. ते पुढच्या धुण्यासाठी दोन दिवस साठवून बघितलं होतं, तसं करू नका, कुबट वास येतो आणि तो कापडात बसतो. सुरुवातीला रोज दीडशे लिटर जात होतं, ते मार्चपर्यंत एका दिवसाआड ऐंशी लिटरवर आलं. हा आकडा सासूबाईंना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मी घड्या घालत जाईन.” पुढे दीड वर्ष लंगोटांच्या घड्या त्यांनीच घातल्या.

२४ फेब्रुवारीला लेकीला पुरळ उठलं. लालभडक, हात लावला तरी रडायची. माझं पहिलं वाक्य होतं, “माझ्या हट्टापायी झालं.” बालरोगतज्ज्ञांकडे गेलो, तपासणी ४०० रुपये. त्यांनी कापडाला दोष दिला नाही. लंगोट हातात घेऊन चुरला आणि विचारलं, “धुता कशाने?” लंगोट पापडासारखे कडक झाले होते. बोअरचं जड, क्षारांचं पाणी आणि त्यात फेस येत नाही म्हणून मी वाढवत नेलेली पावडर, दोन्ही कापडात अडकून राहत होतं. त्यांनी सांगितलं ते असं : पावडर निम्मी करा, शेवटची खंगाळणी नळाच्या पाण्याची ठेवा, ओला लंगोट दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, दिवसातून थोडा वेळ बाळाला काहीच बांधू नका, झिंक ऑक्साइडचं मलम लावा, आणि दोन-तीन दिवसांत उतरलं नाही किंवा बारीक लाल ठिपके पसरले तर बुरशी असू शकते, परत या. चौथ्या दिवशी कातडी स्वच्छ झाली. मलम टॉवेलला लागलं की तेवढी जागा पाणी ओढत नाही, म्हणून मध्ये लुगड्याची एक पट्टी ठेवायला लागलो. आजीचं लुगडं असं परत कामी आलं. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावण मात्र लंगोटांना कधीही लावू नका, त्यानेही कापड पाणी ओढायचं थांबतं.

दरम्यान रजा संपत आली होती. २५ सप्टेंबरला सुरू झालेली २६ आठवड्यांची रजा २४ मार्चला संपणार, दुसऱ्या दिवशी धुळवडीची सुट्टी, म्हणजे २६ ला हजर व्हायचं. तेव्हा लागू असलेल्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ११ मध्ये, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवशी नेहमीच्या मधल्या सुट्टीशिवाय दूध पाजायला दोन सुट्ट्या मिळायच्या, हे अनेकींना माहीतच नसायचं. मलाही एका मैत्रिणीकडून कळलं. १ मार्चला ऑफिसात अर्ज दिला. कलमाचा उल्लेख, बाळाच्या जन्मदाखल्याची प्रत, आणि कोणत्या वेळी जाऊ-येऊ ते. दोन प्रती करून एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. ते फार उपयोगी पडलं, कारण आठवड्याने विचारलं तर अर्ज सापडत नव्हता. शिक्क्याची प्रत दाखवली, अर्ज सापडला, आणि १२ मार्चला मंजुरीचं पत्र आलं. अकरा दिवस. दुपारच्या एका सुट्टीत मी पाळणाघरात जाऊ शकणार होते, आणि त्या खेपेत लंगोटही बघता येणार होते.

पाळणाघर हा खरा पेच होता. ५ मार्चला गेले तेव्हा तिथल्या ताईंनी स्पष्ट सांगितलं, “आमच्याकडे डायपरच चालतात.” त्यांची बाजू मला पटत होती. नऊ मुलं, दोन मदतनीस, आणि पाणी त्यांच्याकडेही पाचव्या दिवशीच. मी वाद घातला नाही. घरी येऊन साध्या कागदावर लिहिलं की सहा लंगोट चड्डीत घालून तयार स्थितीत मी रोज देईन, काढलेला लंगोट तिथे धुवायचा नाही, झिपच्या पिशवीत तसाच टाकायचा, दुपारी मी येऊन पिशवी बदलेन, पुरळ उठल्यास जबाबदारी माझी, आणि पंधरा दिवसांत जमलं नाही तर मी डायपर देईन. सोबत डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी जोडली. उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी मनातून डायपरची तयारी केली होती. १४ मार्चला ताईंचा फोन आला, “पंधरा दिवस बघू.” ते पंधरा दिवस कधी संपले हे त्यांनी विचारलंच नाही.

एप्रिलचं ऊन चढलं तसं वाळवणं सोपं झालं. सकाळी नऊला टाकलेले लंगोट अकराच्या आत खडखडीत. डाग उन्हाने फिके पडतात, ब्लीच लागत नाही, फक्त ओले असतानाच उन्हात टाकायचे. वरच्या चड्ड्या मात्र सावलीत. त्यांच्या आतला पातळ थर आपल्या उन्हाला टिकत नाही, माझी एक चड्डी महिनाभरात तडकली.

मे आठवला की अजून छातीवर दगड येतो. सोलापूरला पाणी पुरवणारं उजनी धरण त्या वर्षी जानेवारीतच वजा झालं होतं, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठा लागला होता, मेमध्ये ते वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं. आमचा नळ पाचव्याचा सातव्या दिवसावर गेला. एकदा हौद तळाला लागला, ८०० रुपयांचा टँकर मागवला, आणि त्या पाण्यात लंगोट बुडवताना माझा हात थांबला. माझ्या माहेरच्या तालुक्यात वाड्या-वस्त्यांवर बायका प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघत होत्या. नवऱ्याशी बोलले. आम्ही ठरवलं की टँकरचं पाणी लंगोटांना नाही. १७ ते २८ मे, बारा दिवस, सरळ डायपर वापरले. ते करताना मला अपयश आल्यासारखं वाटलं होतं, रात्री रडलेही. आज तसं वाटत नाही. कोणी विचारलं तर हेच सांगते की टंचाईच्या आठवड्यात डायपर वापरा आणि पाणी वाचवा, नळ आला की लंगोटांकडे परत या.

रात्रीही आम्ही एक डायपर वापरत होतो, सोलापुरात लंगोट सुरू केल्यापासूनच. मला सकाळी ऑफिस होतं आणि रात्री तीनदा उठून बदलायची ताकद नव्हती. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसने जाताना, आजारपणात, लग्नाकार्यात डायपर. आमचं कापडाचं प्रमाण असं चौदा आण्यांचं होतं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा वाळण्याची धास्ती होती, पण आपल्याकडचा पाऊस एवढा अडवत नाही. सप्टेंबरात मात्र चार-पाच दिवस झोडपून काढलं. तेव्हा घरात दोरी बांधून पंख्याखाली वाळवले, इस्त्री फिरवली. ऑगस्टच्या सुरुवातीला उजनी भरल्याची बातमी आली तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. धरणाच्या टक्केवारीचा लंगोटांशी संबंध असतो, हे मी त्या वर्षी शिकले.

लेक बसायला लागल्यापासून, आठव्या महिन्यापासून, सकाळी उठल्यावर आणि खाण्यानंतर तिला पायांवर धरून ‘शू शू’ करायचो, आमच्या आज्या करायच्या तसं. शीचे लंगोट त्यामुळे निम्म्याहून कमी झाले, हा आम्हाला मिळालेला सगळ्यात मोठा दिलासा. कापडात ओलं लगेच कळतं म्हणूनही असेल, दीड वर्षाची झाल्यावर ती स्वतःच लंगोट ओढून दाखवायची. जून २०२५ च्या अखेरीस, वीस महिन्यांची असताना, दिवसाचे लंगोट बंद झाले.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. सुरुवातीचे ६०६० आणि सतरा महिने पावडर, सोडा, रात्रीचे डायपर मिळून महिना साधारण ५१० रुपये. सगळे मिळून पंधरा हजारांच्या आत. पूर्ण डायपरवर राहिलो असतो तर माझ्या हिशेबाने तीस हजार. यात माझा, नवऱ्याचा आणि सासूबाईंचा वेळ धरलेला नाही. तो रोजचा अर्धा-पाऊण तास होता. घरात तुम्ही एकट्याच असाल, मदत नसेल, तर दिवसाला दोनच लंगोट कापडाचे वापरा. वीस लंगोट आणि दोन चड्ड्यांवर सुरुवात होते, ४४ लागत नाहीत.

गेल्या रविवारी सगळे लंगोट काढून बघितले. तेरा विरले होते, ते फरशी पुसायला ठेवले. ३१ चांगले होते. ते गरम पाण्यात सोडा घालून शेवटचे धुतले, दिवसभर गच्चीवर कडक उन्हात ठेवले, आणि सासूबाईंनी घड्या घालून जुन्या चादरीत गाठोडं बांधलं. मंगळवेढ्याला वहिनीला सातवा महिना चालू आहे. संध्याकाळच्या एसटीने भाऊ गाठोडं घेऊन गेला. रात्री वहिनीचा फोन आला. लंगोट कसे बांधायचे ते तिने विचारलं नाही, ते आजी दाखवेलच. तिने विचारलं, “ताई, आडाचं पाणी जड आहे का हो? सोडा किती घालू?”